खान्देशात गाडी खाली घ्यायची असेल तर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पारोळ्याहून एक तरुण हॅचबॅक घेऊन आला. तक्रार एवढीच, की गाडी डावीकडे ओढते. लिफ्टवर घेतली तर पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेला तारा उघड्या पडल्या होत्या. बाहेरून नक्षी जवळपास नवी. चार महिन्यांपूर्वी त्याने लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगा, बसवून घेतल्या होत्या आणि चाकांचे कोन जुळवायचं काम, म्हणजे अलाइनमेंट, नंतर बघू म्हणून राहून गेलं होतं. आई आणि धाकट्या बहिणीला मागे बसवून तो हायवेने त्याच टायरवर आला होता. टायर काढून त्याच्या हातात दिले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

जळगावात माझं अलाइनमेंटचं काम आहे. ‘भाऊ, गाडी थोडी खाले करी दे’ असं म्हणत दर महिन्याला कुणी ना कुणी येतंच. मी नाही म्हणत नाही. खाली घेतलेली, नीट जुळवलेली गाडी चालवायला खरंच सुंदर लागते, हे मला मान्य आहे. पण आपल्या भागात हे काम किती करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते एकदा सविस्तर लिहावं असं त्या दिवसापासून मनात होतं.

उंची कमी केल्याने नेमकं काय मिळतं

आधी वजनाचा हिशेब करू. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गाडीचं वजन, वळणाचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करायचा, आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराने भागायचं. १००० किलोची हॅचबॅक, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिमी, चाकांमधलं अंतर १४८० मिमी आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट धरला, तर सुमारे २२३ किलो भार सरकतो. गाडी ३० मिमी खाली घेतली की तो २११ वर येतो. बारा किलोचा, म्हणजे साडेपाच टक्क्यांचा फरक. चांगला आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही.

मग गाडी एकदम वेगळी का वाटते? कारण लोअरिंगची स्प्रिंग आखूड असते तशी कडकही असते. गाडी कमी झुकते, स्टेअरिंग वळवल्याबरोबर लगेच ‘बसते’ आणि ब्रेक मारल्यावर नाक कमी खाली घालते. जाणवणारी मजा बरीचशी कडकपणाची आहे, आणि कडकपणा उंची न घालवताही थोडाफार मिळवता येतो. ते पुढे येईलच.

आता जे डोळ्यांना दिसत नाही, ते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. खाली लोअर आर्म, वर शॉकअप. कंपनीतून आलेल्या गाडीचा लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली घेतली की चाकाकडचं टोक वर जातं आणि आर्म उलटा चढता होतो. गाडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते त्याला रोल सेंटर म्हणतात. मॅकफर्सनमध्ये तो बिंदू बॉडी जितकी उतरली त्यापेक्षा जास्त उतरतो. गुरुत्वमध्य ३० मिमी खाली आला आणि रोल सेंटर ५०-६० मिमी गेला, तर दोघांमधलं अंतर वाढलं. ते अंतर म्हणजे गाडीला झुकवणारी पहार. उंची कमी करूनही गाडीला झुकवणारा जोर वाढतो तो असा, आणि तो दाबायला स्प्रिंग आणखी कडक घ्यावी लागते. कडक स्प्रिंगला खड्डा सहन होत नाही. या चक्रात सापडलेल्या गाड्या मी खूप बघितल्यात.

टाय रॉडचंही तसंच. टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) आणि लोअर आर्म एकमेकांशी जुळलेल्या कोनात असतात, म्हणून चाक खालीवर झालं तरी सरळ राहतं. तो मेळ बिघडला की चाक वर उचललं जाताना आपोआप थोडं आत किंवा बाहेर वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. आपल्या तापी खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लाटा येतात, हे चोपडा-यावल-रावेर भागात रोज चालवणाऱ्याला सांगायला नको. त्यात केळीच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. अशा रस्त्यावर बंप स्टिअर असलेली गाडी सरळ धरूनही डोलत राहते आणि तासाभरात खांदे भरून येतात.

किती खाली घ्यायची

रोजच्या गाडीसाठी माझं उत्तर २० मिमी, फार तर २५. चाळीसला मी हात लावत नाही. कारण ब्रेकर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध उभी केली, तर चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि पोटाखाली उंचवटा येतो फक्त ४४ मिमी. असे गतिरोधक असते तर ही चर्चाच नको होती. पण गावाच्या वेशीवर, शाळेसमोर, लग्नघराजवळ रातोरात घातलेला ब्रेकर हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. तो चाकांमध्ये सापडतो आणि सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. रिकाम्या हॅचबॅकला १६५ मिमी जागा असेल, तर पाच माणसं आणि लग्नाच्या बॅगा भरल्यावर मागे सहज ३०-४० मिमी जातात. त्यातून आणखी ३० काढले तर १०० मिमी उरतात. सायलेन्सर घासला तर आवाज येतो, इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटला तर तेल सांडून इंजिन जातं.

तोरणमाळसारख्या घाटात आणखी एक गोष्ट होते. उलट्या वळणावर आतली बाजू एकदम चढते, तिथे बंपरची हनुवटी टेकते. तिकडे नेहमी जाणं असेल तर पुढची बाजू १५ मिमीपेक्षा जास्त खाली घेऊ नका.

आपल्या गाडीला किती सोसेल ते स्वतः मोजता येतं. शॉकअपचं धुळीचं रबर वर सरकवा आणि खालच्या नळीच्या तोंडाशी, चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय घट्ट बांधा. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसह फिरा. खड्ड्यात शॉकअप दबला की टाय वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. टाय आणि बंप स्टॉपचं रबर (शॉकअप पूर्ण दबला की ज्यावर टेकतो ते) यांच्यात जेवढी जागा उरली, तेवढीच तुमची शिल्लक. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची टाय आजच रबराला टेकलेली सापडते. २५ टक्के कडक स्प्रिंग घातली तर ५० मिमीच्या जागी ४० मिमी दबेल, म्हणजे दहा वाचतील. पण तुम्ही तीस आधीच खर्च केलेत. वीस मिमीची तूट राहते आणि ती बंप स्टॉपवर आपटून भरून निघते. वळणात असं आपटलं तर त्या चाकाची पकड क्षणात सुटते.

काय बसवायचं

स्प्रिंग कापू नका. ‘एक वेटोळं काढून दे’ हा सगळ्यात स्वस्त सल्ला आहे आणि सगळ्यात महाग पडतो. कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडू शकते. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक काढलं की कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो, आणि तो जोर शॉकअपला झेपतो की नाही हे कुणी बघितलेलं नसतं. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं, मग ती कधी मोडेल याचा भरवसा नाही.

नामांकित कंपनीच्या, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेल्या २०-२५ मिमीच्या स्प्रिंगा घ्या आणि त्याच वेळी शॉकअप बदला. साठ हजार किलोमीटर चाललेला जुना शॉकअप ठेवून नव्या कडक स्प्रिंगा घालणं म्हणजे जोरकस बैलाला कुजलेली वेसण. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर तिला आवरायला शॉकअपचा जोर सुमारे १४ टक्के जास्त लागतो. नाहीतर लाटांच्या रस्त्यावर गाडी एकदा उडाली की उडतच राहते.

उंची बदलता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांवर चढवलेला स्प्रिंग आणि शॉकअपचा जोड, चांगले असतात, पण त्यांच्या आट्यांत आपली चिकट काळी माती जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते. पावसाळ्यानंतर ब्रशने धुऊन आट्यांना ग्रीस लावायची तयारी असेल तरच घ्या.

आणि सगळ्यात आधी हे विचारा, की गाडी दिसायला खाली हवी की वळणावर झुकायला कमी हवी? फक्त झुकणं कमी करायचं असेल तर नवे शॉकअप, लोअर आर्मचे नवे बुश (सांध्यातली रबरं), चांगले टायर आणि जरा जाड अँटिरोल बार (डावी-उजवी बाजू जोडून झुकणं रोखणारी सळई) एवढ्यात काम होतं. एक मिलिमीटरही उंची जात नाही. माझ्याकडे आलेल्यांपैकी निम्म्यांना मी हेच करून देतो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. वॉरंटीतली गाडी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

पुढची बाजू

सपाट फरशी, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल, थंड टायरमध्ये बरोबर हवा. चारही चाकांच्या मधल्या टोपीपासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर खडूने लिहा. जमिनीपासून मोजू नका. टायरची हवा आणि झीज त्यात घोळ घालते.

नवे टॉप माउंटिंग, त्याचं बेरिंग, बंप स्टॉप, धुळीचं रबर आणि स्ट्रटचे नवे नट आधीच आणून ठेवा. हे नट एकदाच वापरायचे असतात.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी. पुढून उचलून चेसिसच्या ठरलेल्या जागी घोड्या लावा आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका.

चाक काढल्यावर स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या जोडावर रंगाची रेघ मारा, म्हणजे परत बसवताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अंदाजे जागेवर येईल. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या क्लिपमधून सोडवा. अँटिरोल बारचा लिंक रॉड काढा. मग खालचे दोन बोल्ट. ते निघताच नकल बाहेर कलंडतो. त्याला तारेने बांधून ठेवा. त्याचा भार ब्रेकच्या पाइपवर आला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक्सलही ओढला जाऊ देऊ नका, आतला जॉइंट निसटतो. शेवटी एका हाताने स्ट्रट धरून वरचे नट काढा.

इथे थांबा. स्ट्रटच्या मधोमध असलेला मोठा नट स्प्रिंग दाबल्याशिवाय उघडायचा नाही. २० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग १५० मिमी दाबली की तिच्यात २२५ ज्यूल साठतात, म्हणजे २३ किलोचं पोतं एक मीटरवरून पडावं एवढी ताकद, आणि ती एका क्षणात सुटते. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा, शक्य तितकी वेटोळी पकडा आणि आळीपाळीने थोडं थोडं आवळा. हातानेच, एअर गनने नाही. तोंड आणि छाती स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका. कॉम्प्रेसरच्या आट्या झिजलेल्या असतील तर काम उद्यावर टाका. ज्यांनी हे काम आधी कधी शेजारी उभं राहूनही बघितलं नाही, त्यांनी स्ट्रट काढून अनुभवी मिस्त्रीकडे न्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

वाटी वरच्या टोकाला सैल हलायला लागली की नट उघडा आणि भाग निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडा. नव्या स्प्रिंगचं खालचं टोक वाटीच्या खाचेला नीट टेकलं पाहिजे. बोटाने चाचपून बघा. बंप स्टॉप स्प्रिंगच्या कंपनीने सांगितला असेल तेवढाच कापा. मग उलट्या क्रमाने बसवा आणि नट-बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा.

मागची बाजू, आणि लोक चुकतात ती पायरी

मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम, असेल तर काम सोपं. बीमखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग हातात येते. उतरवताना ब्रेकचा पाइप आणि वायर ताणली जात नाही ना, तेवढं बघत राहा. वरखालची रबरं परत बसवा, नाहीतर महिनाभर टकटक ऐकावी लागते.

जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्यांत मागच्या बीमला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असतो. गाडी किती भरलीय हे तो बॉडी आणि बीममधल्या अंतरावरून ओळखतो. मागची बाजू खाली घेतली की त्याला गाडी कायम भरलेली वाटते, तो मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो आणि रिकाम्या गाडीत जोराचा ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकून गाडी फिरते. त्याची सळई नव्या उंचीला जुळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

आता ती पायरी. लोअर आर्मचे आणि बीमचे बुश रबराचे असतात आणि रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक हवेत लोंबकळताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी ठरल्यापेक्षा उंच बसते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. म्हणून सुरुवातीलाच हे बोल्ट ढिले करून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, बॉनेट आणि डिक्की दाबून हलवायची, पाचदहा फूट पुढेमागे ढकलायची आणि चाकांवर वजन असतानाच शेवटचं आवळायचं. खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये हे करा. ‘नव्या स्प्रिंगने गाडी खालीच आली नाही’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांना मी एवढंच करून परत पाठवलंय.

अलाइनमेंट

दोनतीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसू द्या आणि लगेच मशीनवर आणा. त्याआधी कामाच्या दिवशीच दोरीने टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, ढोबळ सरळ करून घ्या. पारोळ्याच्या गाडीत नेमकं हेच राहिलं होतं.

आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला दोष देतात. थोडा ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा आत, वळणावर उपयोगीच असतो. एक ते दीड अंशापर्यंत टायर सहज सोसतो, फक्त डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. टायर खातो तो टो. चाक चालायच्या दिशेपासून फक्त पाव अंश तिरपं असेल तर दर किलोमीटरला ते साडेचार मीटरच्या आसपास आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये ४० किलोमीटरहून जास्त. आधी दोन्ही कॅम्बर सारखे करायचे, मग स्टेअरिंग सरळ बांधून टो कंपनीच्या आकड्याला आणायचा. मागच्या ट्विस्ट बीमचे कोन बदलत नाहीत, पण मोजून घ्या. बीम आधीच वाकलेला असेल तर इथे कळतं. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीचा स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर शून्य करून घ्या. हेडलाइटही भिंतीवर मारून बघा.

लोअर आर्म अजूनही चढता दिसत असेल तर तुमच्या मॉडेलसाठी आर्मच्या टोकाच्या लांब बॉल जॉइंटचा सेट मिळतो का ते शोधा. त्याने आर्म पुन्हा आडवा होतो आणि रोल सेंटर वर येतं. त्याच्याबरोबर टाय रॉडचं टोकही तेवढंच खाली घ्यावं लागतं, नाहीतर बंप स्टिअर वाढतो.

रस्त्यावर

पहिली फेरी रिकाम्या सरळ रस्त्यावर, ताशी तीस-चाळीसने. मडगार्डच्या आतल्या बाजूला खडू फासून ठेवा, मागे तीन माणसं बसवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून एखादा ब्रेकर सावकाश पार करा. खडू पुसला गेला तिथे टायर घासतोय. मग लाटांच्या रस्त्यावर ताशी साठने स्टेअरिंग हलकं धरा. गाडी एकदा उठून बसली पाहिजे. घाट सगळ्यात शेवटी, आणि तोही नेहमीच्या वेगाने. घाटात समोरून गाड्या येतच असतात.

उन्हाळ्यात हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासा. तापमान दहा अंश वाढलं की दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी भरलेला ‘बरोबर’ आकडा पहाटे कमी निघतो. मूळ स्प्रिंगा तेलाचं फडकं गुंडाळून माळ्यावर ठेवा. पासिंग, विक्री किंवा गावाकडची वाट बिघडली, तर त्या लागतील.

हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या आणि भिंतीवरचे खडूचे आकडे पुन्हा जुळवा. पुढे दर महिन्याला गाडी बंद करून स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आत आणि मग बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो हलला आहे, तारा दिसायला अजून वेळ आहे. पारोळ्याचा तो मुलगा आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करतो, आणि शंका आली की टायरचा फोटो पाठवतो.